तऱ्हेवाईक लेखकाचे व्यक्तिचित्र: वाक्य संपल्यानंतरचा चेहरा

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे: एका ज्येष्ठ लेखकाच्या नव्या पुस्तकाच्या मलपृष्ठासाठी त्यांचे छायाचित्र काढण्याचे काम प्रकाशकाने आपल्याकडे सोपवले आहे. हे लेखक विक्षिप्त म्हणून ओळखले जातात. ते फ्लॅश चालू देत नाहीत, कॅमेऱ्याकडे पाहत नाहीत आणि याआधी आलेल्या एका छायाचित्रकाराला त्यांनी काम अर्धवट असतानाच निरोप दिला. अशा माणसाला मोकळे कसे करावे, कोणती लेन्स वापरावी आणि त्यांचा तऱ्हेवाईकपणा चित्रात दिसू द्यावा की नाही, असे आपण विचारले आहे.

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण बाकीच्या दोन्ही उत्तरांची दिशा त्यावरच ठरते. लेखकाचा विक्षिप्तपणा हा चित्राचा विषय करू नये, मात्र चित्र ज्या परिस्थितीत घडणार आहे तिचा तो एक भाग आहे, हे मनापासून मान्य करावे, असे माझे मत आहे. खोलीला एकच लहान खिडकी असेल तर आपण खिडकीशी भांडत बसत नाही, तिच्या उजेडात काय साधेल याचा विचार करतो. लेखकाने घातलेल्या अटीकडे, मग ती कितीही विचित्र वाटो, याच नजरेने पाहिले, तर आपल्या नेहमीच्या सवयीने आपण जिथे कधीच पोहोचलो नसतो अशा जागी ती आपल्याला नेऊन पोहोचवते. हे मी अनुभवावरून लिहीत आहे. पुष्कळ वर्षांपूर्वी मी अशाच एका लेखकांचे व्यक्तिचित्र केले आणि त्या कामाने माझी काम करण्याची रीतच बदलली. ते आता हयात नाहीत, आणि हयात असताना आपल्या घराविषयी त्यांनी फारसे काही छापू दिले नाही, म्हणून त्यांचे नाव येथे घेत नाही.

लेखक आणि कॅमेरा यांच्यातले हे अवघडलेपण कॅमेऱ्याइतकेच जुने आहे. फ्रेंच कादंबरीकार बाल्झाकचे 1842 सालचे डॅगेरोटाइप, म्हणजे धातूच्या पत्र्यावरचे सुरुवातीच्या काळातले छायाचित्र, आजही पाहायला मिळते. तरीही माणसाचे शरीर अतिसूक्ष्म थरांचे बनलेले असते आणि प्रत्येक छायाचित्र त्यातला एक थर काढून नेते, अशी त्याची समजूत होती, असे नादार या फ्रेंच छायाचित्रकाराने लिहून ठेवले आहे, आणि ती भीती खरीच होती असेही त्याने नोंदवले आहे. छायाचित्रकार जिझेल फ्रॉइंडने सांगितलेली आयरिश कादंबरीकार जेम्स जॉइसची हकिगत मला याहूनही बोलकी वाटते. 1939 साली पॅरिसमध्ये तिला जॉइसची रंगीत छायाचित्रे काढायची होती आणि डोळ्यांच्या आजाराने त्रासलेला जॉइस त्याला तयार नव्हता. तो शकुन-अपशकुन मानणारा माणूस होता, म्हणून तिने विनंतीच्या पत्रावर आपल्या लग्नानंतरच्या, म्हणजे ब्लम या आडनावाने सही केली. जॉइसच्या सर्वांत गाजलेल्या कादंबरीच्या नायकाचे आडनाव ब्लूम आहे, आणि हा योग पाहून तो तयार झाला. काम आटोपून परतताना फ्रॉइंडच्या टॅक्सीला अपघात झाला, कॅमेरा आपटला, फिल्म गेली असे तिला वाटले, तेव्हा तिने त्याला दूरध्वनी करून हे सगळे त्याच्याच अपशकुनामुळे घडल्याचे ऐकवले. जॉइसने ते खरे मानले आणि तो पुन्हा बसायला राजी झाला. प्रत्यक्षात पहिली फिल्मही सुखरूप होती.

फ्रॉइंडची आणखी एक गोष्ट मी शिरोधार्य मानतो. ज्यांची छायाचित्रे काढायची त्या लेखकांची पुस्तके ती आधी वाचत असे आणि काम चालू असताना त्यांच्याशी त्यांच्या पुस्तकांविषयीच बोलत असे. आपण विचारता, लेखकाला मोकळे कसे करावे. हवापाण्याच्या गप्पांनी असा माणूस मोकळा होत नाही, उलट त्या सुरू होताच तो सावध होतो. त्याच्या एखाद्या दुर्लक्षित कथेतल्या एका पात्राबद्दल नेमका प्रश्न विचारला तर मात्र तो आपल्याला विसरतो आणि त्या पात्राकडे वळतो. माझ्या लेखकमहाशयांची उपलब्ध असलेली सगळी पुस्तके मी भेटीआधी वाचली. त्यांची वाक्ये लांब असत, एका पोटवाक्यातून दुसरे निघे आणि पूर्णविराम वाचकाला वाटे त्याहून बराच उशिरा येई. ही बाब मी तेव्हा केवळ शैली म्हणून लक्षात ठेवली होती. पुढे सगळे काम तिच्यावरच उभे राहिले.

माझ्या विनंतीच्या पत्राला उत्तर म्हणून त्यांनी अटी लिहून पाठवल्या. खोलीत तिसरे माणूस नसावे, म्हणजे सहायक आणायचा नाही. त्यांना कसे उभे राहायचे किंवा कुठे पाहायचे हे सांगायचे नाही. पहिल्या भेटीत कॅमेरा आणायचा, पण वापरायचा नाही. तो लेन्सचे झाकण काढून टेबलावर ठेवायचा, म्हणजे त्याला खोली नीट बघून घेता येईल. आणि शेवटची अट, जी त्यांनी अधोरेखित केली होती: त्यांचे वाक्य चालू असताना शटरचा आवाज होता कामा नये, कारण ते यंत्र त्यांच्या वाक्यात त्यांनी न दिलेला पूर्णविराम देते.

पहिल्या भेटीची ती अट मला अत्यंत उपकारक ठरली. हातात कॅमेरा नसल्यामुळे मी खोली पाहू शकलो. ते उभ्याने लिहीत, छातीइतक्या उंच खणांच्या कपाटावर दोन्ही कोपरे टेकून. खोलीत खुर्च्या दोनच होत्या. एकीवर चालू प्रकरणाचे कागद असत आणि दुसरीवर त्याच प्रकरणाचे रद्द केलेले, त्यामुळे पाहुण्यालाही उभेच राहावे लागे. कोरा कागद त्यांना नको असे. आलेली पाकिटे ते सुरीने तिन्ही बाजूंनी उकलत, आतली स्वच्छ बाजू वर करत आणि त्यावर लिहीत. लिहून झालेली पाकिटे खोलीच्या एका भिंतीलगत ताणलेल्या दोऱ्यांवर चिमट्यांनी लटकवलेली असत, वरच्या दोरीवर पहिली प्रकरणे, खालच्या दोरीवर नंतरची. पेन्सिली ते बोटांत धरता येईनाशा होईपर्यंत वापरत आणि मग त्या धातूच्या नळीत खोचून आणखी काही दिवस चालवत.

खिडकी त्यांच्या डाव्या हाताला होती, उंचावर, आणि तिच्या काचा जुन्या व धुरकट होत्या. धुरकट काच उजेड पसरवते, तो मऊ करते आणि चेहऱ्यावरच्या सावलीची कड पुसते, म्हणजे आपण पांढरा पडदा लावून जे करतो ते तिथे आपोआप होत होते. मला खरे आश्चर्य वाटले ते समोरच्या बाजूचे. त्यांच्या उजव्या हाताच्या भिंतीलगत जी पाकिटे लटकत होती ती खिडकीचा उजेड परत त्यांच्या गालावर टाकत होती. एकेका चेहऱ्यासाठी आम्ही मोठाले रिफ्लेक्टर उचलून नेतो, इथे तो रिफ्लेक्टर त्यांच्याच हस्ताक्षराने भरलेला होता. उजळ आणि सावलीच्या गालात साधारण दोन स्टॉपचा फरक होता (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा किंवा दुप्पट होणे), म्हणजे सावलीची बाजू उजळ बाजूच्या चौथ्या हिश्शाइतकी प्रकाशित होती. कृष्णधवल फिल्मला आणि वयस्क चेहऱ्याला हा फरक फार मानवतो, कारण सुरकुत्यांना आकार येतो आणि तरीही सावलीत डोळा बुडत नाही. नंतरच्या एका भेटीत त्यांनी एक संपूर्ण प्रकरण रद्द करून खालच्या दोरीवरचे कागद उतरवले होते आणि सावलीची बाजू जवळजवळ एक स्टॉप खाली गेली होती. मी काही बोललो नाही. त्या दिवशी मी फिल्म एक्स्पोज केली, पण छापली नाही. पुढे ती दोरी पुन्हा भरली तेव्हाच मुख्य काम केले.

प्रकाश मोजण्याच्या यंत्राने, म्हणजे हातातल्या लाइट मीटरने, माझे बरेच काम सोपे केले. मी ते त्यांच्या गालाजवळ नेले तेव्हा त्यांनी ते माझ्या हातातून घेतले आणि काय मोजते ते विचारले. वस्तूवरून परत येणारा प्रकाश आणि वस्तूवर पडणारा प्रकाश हे दोन वेगळे आहेत, मीटरवरची पांढरी अर्धगोल टोपी पडणारा प्रकाश मोजते, त्यामुळे कागद पांढरा असो की कोट काळा, आकडा बदलत नाही, हे मी सांगितले. हे त्यांना अतिशय आवडले. ते मीटर घेऊन खोलीभर फिरले. कपाटाच्या पृष्ठभागावर, दोन्ही खुर्च्यांवर, दोऱ्यांच्या प्रत्येक ओळीवर त्यांनी मोजमाप घेतले आणि प्रत्येक आकडा एका पाकिटाच्या कोपऱ्यात लिहून ठेवला. चालू प्रकरणाच्या खुर्चीपेक्षा रद्द प्रकरणाच्या खुर्चीवर अधिक उजेड पडतो असे निघाले, तेव्हा त्यांनी दोन्ही गठ्ठ्यांची जागा बदलली. त्या दिवसापासून मीटर धरण्याचे काम त्यांचेच झाले. आपल्याकडे आज असे वेगळे मीटर नसेल, तरी तत्त्व तेच आहे: त्या माणसाला कामात भाग घेऊ द्यावा आणि तो भाग खरा असावा. उगाच हातात दिलेली वस्तू असे लोक क्षणात ओळखतात.

शटरच्या अटीने मला कॅमेरा बदलायला लावले. सिंगल लेन्स रिफ्लेक्स कॅमेऱ्यात प्रत्येक एक्स्पोजरच्या वेळी आतला आरसा वर उडतो आणि खाली आपटतो, शांत खोलीत तो आवाज दचकवणारा असतो. मी दोन लेन्सचा रिफ्लेक्स घेतला. त्यात पाहण्याची लेन्स वर आणि चित्र घेणारी खाली असते, आरसा जागचा हलत नाही, आणि शटर लेन्सच्याच आत पात्यांचे असते, त्यामुळे आवाज म्हणावा तर एक बारीक टिक एवढाच होतो. आणखी एक लाभ असा की एक्स्पोजरच्या क्षणी व्ह्यूफाइंडर काळा होत नाही, नेमक्या त्याच क्षणाचा चेहरा आपल्याला दिसत राहतो. या कॅमेऱ्यात वरून, मान खाली घालून पाहायचे असते. समोरच्या माणसाला आपला डोळा त्याच्यावर रोखलेला दिसत नाही, झुकलेले डोके दिसते, आणि कॅमेऱ्याकडे पाहायला बुजणाऱ्यांच्या बाबतीत याने फार फरक पडतो. कंबरेच्या उंचीवरून उभ्या माणसाचा चेहरा टिपला तर हनुवटी मोठी आणि कपाळ लहान दिसते, ही या कॅमेऱ्याची नेहमीची अडचण असते. पण ते कोपरे टेकून वाकलेले असत, त्यामुळे त्यांचा चेहरा बरोबर माझ्या छातीच्या पातळीवर येई आणि ती अडचण उरली नाही.

आता मुख्य गोष्ट. वाक्य चालू असताना शटर दाबायचे नाही म्हटल्यावर उरतो तो वाक्यानंतरचा वेळ, आणि त्यांची वाक्ये बोलण्यातही तितकीच लांब होती. सुरुवातीला मी केवळ अट पाळायची म्हणून थांबत होतो. मग हळूहळू लक्षात आले की बोलताना त्यांचा चेहरा ऐकणाऱ्यासाठी असे. भुवया वर जात, ओठ शब्दांना आकार देत, हात मुद्दा मांडत, आणि हे सगळे रंजक असले तरी ते माझ्यासाठी, म्हणजे पाहुण्यासाठी, चाललेले असे. वाक्य संपले की ओठ मिटत, खांदे किंचित खाली येत, नजर माझ्यावरून निघून कपाटाच्या लाकडातल्या एका गाठीवर जाऊन बसे, आणि ते आत्ताच बोललेले वाक्य मनात पुन्हा वाचत. कधीकधी ओठांची अगदी सूक्ष्म हालचाल दिसे. एकदा अशा विरामानंतर ते "नाही" म्हणाले, आणि मघाच्या वाक्यातला एक शब्द बदलून त्यांनी सगळे वाक्य पहिल्यापासून पुन्हा म्हटले. तो क्षण बहुतेक वेळा एक-दोन सेकंदांचा असे, आणि त्यात त्यांना कॅमेरा, मी, खोली यांतले काहीच उरत नसे. लेखक लिहिताना कसा दिसतो हे लिहिताना काढलेल्या छायाचित्रात सहसा येत नाही, तिथे फक्त वाकलेली मान आणि हात येतो. त्या विरामात मात्र ते प्रत्यक्ष लिहीत होते आणि चेहरा वर होता.

हा क्षण पकडायचा तर डोळ्यांकडे पाहून चालत नाही, कारण डोळे स्थिरावलेले दिसेपर्यंत अर्धा वेळ गेलेला असतो. मी श्वासाकडे पाहू लागलो. लांब वाक्याच्या शेवटी माणूस उरलेला श्वास सोडतो आणि गळपट्टीजवळ ते स्पष्ट दिसते. तो सुटला की बोट दाबायचे. एका रोलवर 12 चौकटी मिळत, आणि ही मर्यादाही उपयोगी पडली, कारण प्रत्येक वाक्याच्या शेवटी चौकट खर्च करणे परवडणारे नव्हते. कोणते वाक्य त्यांना महत्त्वाचे वाटते आहे हे ऐकावे लागे, म्हणजे छायाचित्र काढण्यासाठी मला आधी चांगला श्रोता व्हावे लागले. वाक्याचा अर्थ ज्याला कळत नाही त्याला त्याचा शेवटही आधी ओळखता येत नाही. पुस्तके वाचून जा, असा आग्रह मी धरतो तो याचसाठी.

यात अगदी नवीन असे काही मी शोधून काढले असा माझा दावा नाही. फ्रेंच छायाचित्रकार ऑंरी कार्तिए-ब्रेसाँ 1971 साली व्हेनिसमध्ये अमेरिकन कवी एझ्रा पाउंडकडे गेला तेव्हा पाउंडने बोलणे जवळजवळ सोडलेले होते. दोघे सुमारे दीड तास एकमेकांसमोर निःशब्द होते आणि तेवढ्या वेळात त्याने मोजकीच छायाचित्रे घेतली. माझ्या लेखकांना शांततेची गरज नव्हती, त्यांना बोलायचे होते, म्हणून मला शांतता त्यांच्या बोलण्याच्या आत शोधावी लागली. याउलट ब्रिटिश छायाचित्रकार जेन बाउनने 1976 साली लंडनच्या रॉयल कोर्ट थिएटरबाहेर नाटककार सॅम्युएल बेकेटला गाठले तेव्हा त्याची तयारी फारच थोड्या वेळाची होती, आणि हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या चौकटींत तिने त्याचे सर्वपरिचित चित्र घेतले. बाउन बहुधा उपलब्ध उजेडातच काम करी आणि तिचे सामान साध्या बाजाराच्या पिशवीत मावे. फ्लॅश चालणार नाही म्हणून आपण चिंतेत आहात, त्यासाठी तिचे उदाहरण पुरेसे आहे.

विक्षिप्तपणाचे प्रदर्शन का टाळावे हे आता सांगता येईल. एका भेटीत लेखकमहाशयांनी आपणहून दोन्ही कानांवर पेन्सिली खोचल्या, लोकरी टोपी उलटी घातली आणि भुवई उंचावून माझ्याकडे पाहिले. त्यांचे असे एक छायाचित्र पूर्वी एका नियतकालिकात आले होते आणि लोकांनी त्यांना त्याच रूपात ओळखायला सुरुवात केली होती. मी ते चित्रही पूर्ण काळजीने घेतले. अशा वेळी नकार देऊ नये. तो माणूस आपल्याला देता येण्यासारखे जे सर्वांत सोपे आहे ते देत असतो, आणि ते नाकारल्यास पुढचे काही मिळत नाही. ते घेऊन संपवावे, धन्यवाद म्हणावे आणि त्यानंतर खरे काम सुरू करावे. धोका आहे तो तेवढ्यावर समाधान मानण्यात. रिचर्ड अ‍ॅव्हेडनसारख्या छायाचित्रकारालाही 1975 साली अर्जेंटिनाचा लेखक बोर्हेस याच्या बाबतीत याचा अनुभव आला. अंध बोर्हेस ब्यूनोस आयरिसमधल्या घरी त्याला भेटला, बोलला, कविता म्हटल्या, अ‍ॅव्हेडन भारावून गेला, आणि चित्रे मात्र अपेक्षेपेक्षा रिकामी निघाली. पुढे दुसऱ्या एका लेखकाने लिहिलेला बोर्हेसच्या भेटीचा वृत्तान्त त्याच्या वाचनात आला तेव्हा त्यात जवळपास तोच क्रम, तेच प्रसंग त्याला आढळले. बोर्हेसने त्याला आपला तयार प्रयोग दाखवला होता. तऱ्हेवाईक म्हणून प्रसिद्ध असलेल्या प्रत्येक लेखकाजवळ असा एक प्रयोग तयार असतो, आणि त्यात खोटेपणा असतो असेही मी म्हणणार नाही. अनोळखी लोकांना सामोरे जाण्याची ती त्यांची रीत असते. आपल्याला फक्त प्रयोग संपेपर्यंत तिथे टिकून राहायचे असते.

आपले लेखक कॅमेऱ्याकडे पाहत नाहीत, तर त्यांना पाहायला सांगू नका. त्यांची नजर आपणहून कुठे विसावते ते शोधा. माझ्या बाबतीत ती लाकडातल्या गाठीवर विसावत होती, म्हणून मी कॅमेरा कपाटाच्या कडेला, त्या गाठीच्या शक्य तितक्या जवळ आणला. चित्रात ते पाहणाऱ्याच्या डोळ्यांत पाहत नाहीत, पण त्याच्यापासून फार दूरही पाहत नाहीत, आणि पाहणाऱ्याला असे वाटते की आपण बोलता बोलता थांबलेल्या माणसासमोर उभे आहोत. डोळ्यांत खिडकीचा ठिपका मात्र दिसायला हवा, तो नसेल तर नजर कुठेही असली तरी डोळा निर्जीव वाटतो.

लेन्सबद्दल थोडक्यात. फुल फ्रेम, म्हणजे 35 मिलिमीटर फिल्मच्या चौकटीएवढा सेन्सर असलेल्या, कॅमेऱ्यावर 85 मिलिमीटरची लेन्स घ्या आणि दीड ते दोन मीटरवर उभे राहा. चेहऱ्याचे प्रमाण लेन्समुळे बदलत नाही, अंतरामुळे बदलते. फार जवळ गेल्यास नाक मोठे आणि कान मागे गेलेले दिसतात, दोन मीटरच्या आसपास ते स्वाभाविक राहतात. त्या अंतरावरून 85 मिलिमीटरच्या लेन्सने एफ 2.8 इतके लेन्सचे छिद्र उघडे ठेवल्यास स्पष्टतेची खोली, म्हणजे पुढेमागे जेवढे स्पष्ट दिसते ते अंतर, सुमारे 9 सेंटीमीटर मिळते, दीड मीटरवर ती 5 सेंटीमीटरच्या आसपास येते. म्हणजे जवळचा डोळा आणि दूरचा डोळा दोन्ही स्पष्ट हवे असतील आणि चेहरा वळलेला असेल तर छिद्र एफ 4 पर्यंत लहान करा आणि आयएसओ, म्हणजे सेन्सरची प्रकाशसंवेदनशीलता, वाढवा. हलके दाणेदार चित्र चालते, हललेले चालत नाही. चश्म्यावर खिडकीचे प्रतिबिंब येत असेल तर चश्मा काढायला सांगण्याऐवजी आपण एक पाऊल बाजूला सरका, प्रतिबिंब कोनाप्रमाणे हलते. जो माणूस सतत चश्मा लावतो त्याचा चेहरा चश्म्याशिवाय अनोळखी होतो.

आजच्या मिररलेस, म्हणजे आरसा नसलेल्या, कॅमेऱ्यांत इलेक्ट्रॉनिक शटर पूर्णपणे निःशब्द असते आणि माझ्या लेखकांनी त्याचे स्वागतच केले असते. मात्र दोन गोष्टी लक्षात ठेवा. बहुतेक कॅमेऱ्यांत हे शटर चित्र वरून खाली ओळीओळीने वाचते, त्यामुळे वेगाने हलणारा हात वाकडा दिसू शकतो. आणि खोलीत एलईडी किंवा ट्यूबचा प्रकाश असेल तर चित्रावर आडवे पट्टे येऊ शकतात, कारण 50 हर्ट्झच्या विजेवर असे काही दिवे सेकंदाला 100 वेळा लुकलुकतात. शटर 1/50 किंवा 1/100 ठेवल्यास हा त्रास बहुधा टळतो. मेमरी कार्डावर शेकडो चौकटी मावतात म्हणून सतत शटर दाबत राहण्याचा मोह होईल. आवाज नसला तरी आपले बोट हलताना त्यांना दिसते, आणि ऐकणे सुटते ते वेगळेच.

काम झाल्यावर मी त्यांना काँटॅक्ट शीट पाठवली, म्हणजे रोलवरच्या सगळ्या चौकटी मूळ आकारात एकाच कागदावर छापून. छायाचित्रातल्या माणसाला निवड दाखवावी की नाही याबद्दल व्यावसायिकांत दोन मते आहेत. मी अशा कामात दाखवतो, कारण ज्याने आपल्या खोलीत इतका वेळ दिला त्याचा तो अधिकार आहे असे मला वाटते. शीट परत आली तेव्हा तिच्यावर पेन्सिलीने मुद्रितशोधनाच्या खुणा होत्या. काही चौकटींवर गाळण्याची खूण, दोन चौकटींच्या मध्ये जागा सोडण्याची, एकावर उलट्या पडलेल्या अक्षराची, कारण तिथे त्यांना आपला चेहरा उलटा, म्हणजे दुसऱ्या कोणाचा वाटला होता, असे समासात लिहिले होते. टोपी उलटी घातलेली चौकट त्यांनी कोणतीही खूण न करता सोडून दिली होती. वाक्यानंतरच्या विरामातल्या एका चौकटीखाली त्यांनी ठिपक्यांची ओळ दिली होती, म्हणजे "जसेच्या तसे राहू द्यावे", आणि शेजारी एक सूचना होती की डाव्या कडेला दोरीवरच्या पाकिटाचा जो कोपरा दिसतो तो कापू नये.

प्रकाशकाला मलपृष्ठासाठी फक्त चेहरा हवा होता, आणि त्या कोपऱ्यामुळे चेहरा मधोमध येत नव्हता. लेखकांची खूण असलेली शीट माझ्याजवळ होती म्हणून चित्र न कापता, थोड्या लहान आकारात छापले गेले. आपणही फाइल देण्याआधी चित्र कुठे, किती काळ आणि कोणत्या आकारात वापरले जाईल, ते कापता येईल की नाही, आणि छायाचित्रकाराचे नाव कुठे छापले जाईल, हे प्रकाशकाकडून लेखी घ्या. लेखकांची संमतीही स्वतंत्र कागदावर घ्या. भेटीची वेळ ठरवताना, कॅमेरा न वापरण्याची एक भेट मला हवी आहे, असे आपणहून त्यांना लिहून पाहा. आपण वर्णन केलेले लेखक त्याला नाही म्हणतील असे मला वाटत नाही.